तारकापेशींतील कॅल्शियम आणि मेंदूतील दाह: आधी कोण?

प्रश्न
लिहिणारी: जिज्ञासू वाचक

नमस्कार. मी जीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. मेंदूतील आधारपेशी, त्यातही ॲस्ट्रोसाइट म्हणजे तारकापेशी, या विषयावर मला परिसंवादात मांडणी करायची आहे. वाचनाला सुरुवात केल्यापासून मी एकाच जागी अडखळते आहे. काही लेख सांगतात की मेंदूत दाह सुरू झाला की तारकापेशींमधील कॅल्शियमचे संकेत बिघडतात. काही लेख नेमके उलट सांगतात, की कॅल्शियमचे संकेत बिघडल्यामुळेच या पेशी दाहकारक बनतात. दोन्ही बाजूंना प्रयोगांचा आधार दिलेला असतो आणि दोन्हीकडची वाक्ये इतक्या ठामपणे लिहिलेली असतात की त्यांपैकी एक नक्की चूक असणार असे वाटत राहते.

शिवाय बहुतेक प्रयोग उंदरांच्या पेशींवर झालेले दिसतात. मानवी तारकापेशींबद्दल जे म्हटले जाते त्यातले किती मानवी पेशींवर प्रत्यक्ष पाहिलेले आहे आणि किती उंदरावरून गृहीत धरलेले आहे, हे मला वेगळे करता येत नाही. कॅल्शियम आधी की दाह आधी, या प्रश्नाला उत्तर आहे का? कृपया सविस्तर लिहावे. संज्ञा कठीण असल्या तरी चालतील.

उत्तर १
लिहिणारे: आयनमार्ग

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपण वाचलेली दोन्ही विधाने खरी आहेत, मात्र ती वेगवेगळ्या कालमानांविषयी आहेत. कॅल्शियमचा एखादा संकेत सेकंदांत उमटतो आणि विरतो, दाहाचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत काही मिनिटांत पोचतो, आणि पेशीचा एकूण स्वभाव बदलायला तास किंवा दिवस लागतात. एका लेखकाने सेकंदांचे मोजमाप केलेले असते आणि दुसऱ्याने दोन दिवसांनंतरचे, आणि दोघेही आपल्या निष्कर्षाला 'कॅल्शियम आणि दाह यांचे नाते' असेच नाव देतात. गोंधळ तिथे होतो.

आधी सेकंदांचे पाहू. विश्रांत तारकापेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असते, तर पेशीबाहेरच्या द्रवात ते १ मिलिमोलरहून थोडे अधिक असते, म्हणजे तफावत सुमारे दहा हजार पटींची आहे. पेशीच्या आत अंतर्द्रव्यजालिका हे कॅल्शियमचे कोठार असते आणि सर्का नावाचा पंप ऊर्जा खर्च करून ते सतत भरत राहतो. एटीपी, ग्लुटामेट किंवा नॉरॲड्रेनॅलिन यांपैकी एखादा रेणू जी-प्रथिनाशी जोडलेल्या ग्राहीला (बाहेरचा रेणू ओळखणाऱ्या पेशीपटलावरील प्रथिनाला) येऊन चिकटला की फॉस्फोलायपेज-सी हे विकर पेशीपटलातील मेदापासून आयपी-३ हा लहान रेणू तयार करते. आयपी-३ कोठाराची दारे उघडतो आणि पेशीद्रवातील कॅल्शियम काही सेकंदांत अनेक पटींनी वाढते. कोठार रिते होऊ लागले की त्याच्या पटलातील स्टिम-१ हे प्रथिन ते ओळखते आणि पेशीपटलावरील ओराय-१ हा आयनमार्ग उघडते, ज्यातून बाहेरचे कॅल्शियम आत येते आणि कोठार पुन्हा भरले जाते. कोठारातून येणारे कॅल्शियम हे क्षणिक असते, ओराय-१ मधून येणारे मात्र दीर्घकाळ चालू राहू शकते. दाहाच्या दृष्टीने मला हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि नवख्या वाचकांचे नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते.

आता दाहाकडे वळू. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचे दोन मुख्य निरोपे. त्यांचे ग्राही जी-प्रथिनाच्या जातीचे नाहीत, त्यामुळे ते आल्याबरोबर आयपी-३ ची लाट उसळेलच असे नसते. त्यांचा मार्ग निराळा आहे. एनएफ-कप्पा-बी हा प्रतिलेखन घटक एरवी आय-कप्पा-बी या प्रथिनाने पेशीद्रवात अडकवून ठेवलेला असतो. निरोप आला की हे प्रथिन नष्ट केले जाते, मोकळा झालेला घटक साधारण अर्ध्या तासाच्या आत केंद्रकात शिरतो आणि इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ यांसारख्या रेणूंची जनुके चालू करतो. म्हणून दाहाची सुरुवात कॅल्शियमची मोठी लाट न दिसताही होऊ शकते. 'कॅल्शियमशिवाय दाह नाही' असे सरसकट विधान कोणी केले असेल तर ते बाजूला ठेवावे.

तरीही कॅल्शियमची बाजू लंगडी नाही. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनशी जोडले गेले की कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते, ते एनएफएटी या घटकावरील फॉस्फेट काढून टाकते आणि एनएफएटी केंद्रकात जाऊन दाहाची काही जनुके चालू करतो. कॅल्शियम खाली आले की एनएफएटीवर पुन्हा फॉस्फेट चढते आणि तो बाहेर काढला जातो, म्हणून या वाटेला कॅल्शियमची उंच उडी पुरत नाही, ते थोडेसे पण टिकून वाढलेले असावे लागते. बी-लसिकापेशींवर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हे फार सुरेख दिसले होते. कॅल्शियमच्या मोठ्या पण अल्पकालीन वाढीने एनएफ-कप्पा-बी जागा झाला, तर लहान पण टिकाऊ वाढीने एनएफएटी. आयन तोच, पण आकृतिबंध बदलला की पेशीने वाचलेला अर्थ बदलला. त्या पेशी रोगप्रतिकार यंत्रणेच्या होत्या आणि तारकापेशींना तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही, परंतु 'कॅल्शियम वाढले' हे दोन शब्द अर्धवट का आहेत हे त्यातून कळते. कुठे वाढले, किती वेळ वाढले आणि मूळ पातळी किती होती, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पूर्ण होत नाही.

उलट दिशेचा पुरावा तर थेट मानवी पेशींवरचा आहे. मानवी गर्भातील तारकापेशींवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरल्युकिन-१ बीटा दिल्यानंतर शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या गॅप जंक्शनचे कोनेक्सिन-४३ हे प्रथिन घटले, आणि त्याच वेळी पेशीबाहेरील एटीपी ओळखणाऱ्या पी-२ गटातील ग्राहींचा वाटा वाढला. कॅल्शियमची लाट पेशीपेशींमधून पसरतच राहिली, पण तिचा रस्ता बदलला. आधी ती बरीचशी आतल्या बोगद्यांतून जात होती, आता ती बाहेर टाकलेल्या एटीपीवर अधिक विसंबू लागली. आणि बाहेरचे एटीपी हे मायक्रोग्लियांसाठी, म्हणजे मेंदूतील रोगप्रतिकार पेशींसाठी, धोक्याची सूचना असते. त्यांच्यावरील पी-२एक्स-७ हा ग्राही एटीपीने उघडला की इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडण्याला चालना मिळते, आणि तो पुन्हा तारकापेशींकडे येतो.

म्हणून माझे उत्तर असे आहे: दाहाचा पहिला निरोप बहुधा बाहेरून येतो, कॅल्शियमची घडी त्यामुळे काही तासांत बदलते, आणि बदललेली घडी नंतर दाह टिकवून धरते. 'आधी कोण' यापेक्षा 'टिकवतो कोण' हा प्रश्न परिसंवादात विचारण्यासारखा आहे.

उत्तर २
लिहिणारी: काचपात्र

मी मानवी मूलपेशींपासून तयार केलेल्या तारकापेशींवर काम करते, त्यामुळे मोजमापाविषयी आणि माणूस-उंदीर फरकाविषयी लिहिते. वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यातील प्रत्येक वाक्यामागे 'कोणाच्या पेशीत आणि कोणत्या वयाच्या पेशीत' हे जोडायला हवे.

मानवी तारकापेशी ही उंदराच्या तारकापेशीची मोठी आवृत्ती नव्हे. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या ऊतीवरील २००९ च्या अभ्यासात मानवी पेशीचा व्यास उंदराच्या पेशीच्या सुमारे २.६ पट आढळला. एका मानवी तारकापेशीच्या क्षेत्रात २ लाख ७० हजार ते २० लाख चेतासंधी येतात असा अंदाज त्यात मांडला होता, तर उंदराच्या बाबतीत तो २० हजार ते १ लाख २० हजार इतका होता. त्याच कामात मानवी ऊतीतील कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे ३६ मायक्रोमीटर या वेगाने जाताना दिसली, म्हणजे उंदराच्या जवळजवळ चौपट वेगाने. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या पेशीत लहानसा बिघाडही किती चेतासंधींना जाऊन भिडेल, याचा विचार मी अजूनही करत असते.

दाहाच्या बाबतीतला फरक तर व्यवहारातच अडचण निर्माण करतो. उंदरांच्या प्रयोगांत दाह उत्पन्न करण्यासाठी जिवाणूंच्या भित्तिकेतील लिपोपॉलिसॅकराइड सर्रास वापरतात. मानवी आणि उंदराच्या तारकापेशींची तुलना करणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात उंदराच्या पेशींनी लिपोपॉलिसॅकराइडला प्रतिसाद दिला, मानवी पेशींनी तो दिला नाही, मात्र इंटरल्युकिन-१ ला त्यांनी जोरदार प्रतिसाद दिला. त्यामुळे मानवी संवर्धनात, म्हणजे पात्रात वाढवलेल्या मानवी पेशींत, लिपोपॉलिसॅकराइड टाकून दाह दिसला, तर तिथे थोड्याफार मायक्रोग्लिया उरल्या आहेत का, हे मी सर्वांत आधी तपासते.

वयाचे महत्त्व यापेक्षा कमी नाही. ग्लुटामेट दिल्यावर तारकापेशींमध्ये कॅल्शियमच्या लाटा उठतात, हे १९९० मध्ये संवर्धित पेशींत दाखवले गेले आणि या क्षेत्राची दिशाच बदलली. परंतु २०१३ मध्ये असे आढळले की ग्लुटामेट ओळखणाऱ्या ज्या एमग्लुआर-५ ग्राहीवर या कल्पनेचा बराच भार होता, तो उंदराच्या पिल्लात तीन आठवड्यांच्या सुमारास ओसरतो आणि प्रौढ तारकापेशींत जवळपास नसतो. मूलपेशींपासून बनवलेल्या आमच्या पेशीही गर्भावस्थेच्या जवळच्या असतात. त्यांच्यावर दिसलेली गोष्ट साठीतल्या माणसाच्या मेंदूला लावताना मी फार जपून शब्द वापरते.

आता मोजमाप. फ्लुओ-४ हे रंगद्रव्य कॅल्शियमशी जोडले की अधिक उजळते, पण ते एकाच तरंगलांबीवर वाचले जाते, म्हणून उजेड वाढला तर कॅल्शियम वाढले की पेशीत रंगद्रव्यच जास्त शिरले, हे त्यावरून ठरत नाही. दाहामुळे पेशीचा आकार आणि रंगद्रव्य बाहेर टाकण्याची तिची क्षमता दोन्ही बदलू शकतात. 'दाहानंतर मूळ पातळी उंचावली' असा दावा करायचा असेल तर फ्युरा-२ सारखे गुणोत्तरी रंगद्रव्य हवे, जे ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या उद्दीपनांची तुलना करते आणि त्यामुळे रंगद्रव्याच्या प्रमाणाचा परिणाम बराचसा वजा होतो. आपण वाचलेल्या लेखांत कोणते रंगद्रव्य वापरले आहे ते पाहा. निम्मे मतभेद तिथेच उलगडतील अशी माझी खात्री आहे.

एक अनुभव सांगते. सुरुवातीच्या काळात मी इंटरल्युकिन-१ बीटा टाकताच पेशींत कॅल्शियमची सुंदर लाट पाहिली आणि मला फार मोठे काही सापडल्याचे वाटले. नंतर नुसते माध्यम त्याच गतीने टाकून पाहिले, तर तीच लाट पुन्हा आली. द्रवाच्या धक्क्याने पेशींतून एटीपी बाहेर पडत होते आणि त्यालाच पेशी उत्तर देत होत्या. दोन महिन्यांच्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या. त्यानंतर आमचे माध्यम अतिशय सावकाश बदलले जाते आणि नुसत्या माध्यमाचे नियंत्रण प्रत्येक दिवशी असते. संवर्धनातील रक्तद्रवाबद्दलही तेच म्हणेन. निरोगी मेंदूत रक्त-मेंदू अडसरामुळे तारकापेशींना रक्तद्रव भेटत नाही, म्हणून रक्तद्रवात वाढवलेल्या पेशी प्रयोगाआधीच अर्ध्या चिडलेल्या असतात, आणि मग 'नियंत्रण' या शब्दाला अर्थ उरत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. फ्युरा-२ आणि फ्लुओ-४ मधला मुद्दा वाचून मी माझे सात लेख पुन्हा उघडले. त्यांपैकी 'मूळ पातळी वाढली' असे म्हणणाऱ्या तीन लेखांत एकाच तरंगलांबीचे रंगद्रव्य आहे. आता एक पुढचा प्रश्न. जर बदललेले कॅल्शियम दाह टिकवून धरत असेल, तर कॅल्शियम अडवून दाह कमी करता येईल का? बीएपीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन टाकल्यावर इंटरल्युकिन-६ घटले असे वाचले, तो पुरेसा पुरावा मानावा का?

उत्तर ३
लिहिणारे: आयनमार्ग

बीएपीटीएच्या पुराव्याला मी फार वजन देणार नाही. ते पेशीद्रवातील कॅल्शियम शोषून घेते, पण सगळेच शोषते, लहरी, मूळ पातळी आणि पेशीच्या जगण्यासाठी लागणारे चढउतारही. अशा पेशीत इंटरल्युकिन-६ घटले तर दाह शमला की पेशीला प्रथिने तयार करणेच अवघड झाले, हे वेगळे करण्यासाठी आणखी नियंत्रणे लागतात. त्याच नमुन्यात दाहाशी संबंध नसलेले एखादे स्रवणारे प्रथिन मोजले आहे का ते पाहा. मोजले नसेल तर निष्कर्ष राखून ठेवा.

याहून नेमके पुरावे आहेत. उंदरांच्या तारकापेशींतून ओराय-१ काढून टाकल्यावर लिपोपॉलिसॅकराइडमुळे होणारी पेशींची प्रतिक्रियाशीलता आणि नैराश्यासारखे वर्तन कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे कॅल्शियम सरसकट पुसलेले नाही, एकच दार बंद केलेले आहे, आणि तेही एकाच प्रकारच्या पेशीत. दीर्घकाळ चालणाऱ्या कॅल्शियमविषयी मी पहिल्या उत्तरात जे म्हटले, त्याच्याशी हे जुळते. पण काचपात्र यांचा इशारा इथेही लागू आहे: पेशी उंदराच्या आहेत आणि चेतवणारा पदार्थ लिपोपॉलिसॅकराइड आहे. मानवी पेशीत हाच प्रयोग इंटरल्युकिन-१ बीटा देऊन पाहिल्याशिवाय पुढचे विधान करू नये.

कॅल्सिन्युरिन अडवणारी औषधे तर अनेक वर्षे वापरात आहेत. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन अवयव प्रत्यारोपणानंतर देतात. अल्झायमरच्या उंदरांतील प्रतिकृतींमध्ये तारकापेशींतील कॅल्सिन्युरिन-एनएफएटी मार्ग अडवल्यावर फायदा दिसलेला आहे. परंतु चेतापेशींतही कॅल्सिन्युरिन विपुल असते आणि तिथे ते चेतासंधींच्या बळकटीत फेरबदल करते, शिवाय ही औषधे संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती खाली आणतात. विकर ओळखीचे आणि औषधही ओळखीचे आहे, पण ते फक्त तारकापेशींपर्यंत आणि फक्त बिघडलेल्या संकेतापर्यंत कसे न्यावे, हा खरा अडसर आहे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते पुरेशी चर्चिली जात नाही. आयपी-३ चा दुसऱ्या प्रकारचा ग्राही काढून टाकलेल्या उंदरांत तारकापेशींच्या मुख्य पिंडातील कॅल्शियमचे संकेत जवळपास संपतात, पण बारीक शाखांमधले संकेत बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहतात, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे एकाच पेशीत पिंडाचे कॅल्शियम आणि शाखांचे कॅल्शियम या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. चेतासंधींना वेढणाऱ्या शाखांतले संकेत तसेच ठेवून केंद्रकाजवळचे टिकाऊ कॅल्शियम तेवढे खाली आणता आले तर दाह शमेल आणि पेशीचे रोजचे कामही चालू राहील, अशी माझी आशा आहे. मी तिला अजून आशाच म्हणतो.

उत्तर ४
लिहिणारे: जुने वाचन

थोडी भर. 'दाहकारक तारकापेशी' हा शब्दप्रयोगही सांभाळून वापरावा. मायक्रोग्लियांतून येणारे इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी-१-क्यू हे तिन्ही मिळून तारकापेशींना चेतापेशींसाठी घातक बनवतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले आणि त्या अवस्थेचे ए-१ हे नाव सर्वत्र पसरले. परंतु २०२१ मध्ये या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या निवेदनात घातक ए-१ आणि संरक्षक ए-२ अशी दुहेरी विभागणी अपुरी असल्याचे आणि केवळ जीएफएपी हे तारकापेशींच्या सांगाड्यातील प्रथिन वाढले म्हणून पेशीचे कार्य ठरवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. जीएफएपी वाढलेली पेशी जखमेभोवती उपयुक्त कुंपण घालत असेल आणि दुसरी तशीच दिसणारी पेशी चेतासंधींना अपाय करत असेल. त्यामुळे कॅल्शियमचा दाहाशी संबंध जोडताना लेखकाने 'दाह' म्हणून नक्की काय मोजले, स्रवलेले रेणू, केंद्रकातील एनएफ-कप्पा-बी की निव्वळ जीएफएपी, हे आपल्या तक्त्यात वेगळे लिहावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तक्त्याची सूचना मी लगेच अमलात आणली. प्रत्येक लेखासाठी पेशीचा स्रोत, तिचे वय, चेतवणारा पदार्थ, किती वेळाने मोजले, रंगद्रव्य आणि दाहाचे मापक अशा सहा नोंदी केल्या. 'दाहामुळे कॅल्शियम बिघडते' म्हणणाऱ्या माझ्या चारही लेखांत मोजमाप २४ तासांनंतरचे आहे, आणि 'कॅल्शियममुळे दाह' म्हणणाऱ्या तिन्ही लेखांत कॅल्शियमचा एखादा मार्ग अडवून मग दाह मोजला आहे. ते एकमेकांना खोडतच नव्हते. परिसंवादाचे शीर्षक मी बदलते आहे. नुसत्या माध्यमाच्या नियंत्रणासाठी सातवी नोंद करावी का?

उत्तर ५
लिहिणारी: काचपात्र

अवश्य करावी. त्याच्या शेजारी संवर्धनात रक्तद्रव होते की नाही हेही लिहावे. लेखाच्या पद्धतींच्या भागात ते सहसा एका ओळीत सांगितलेले असते, आणि ती ओळ सापडली नाही तर रकाना रिकामा ठेवून सादरीकरणात तो तसाच दाखवावा.